एकवीस, तेवीस

१

घड्याळजी, वही हातात घेण्याआधी मला एक सांगा. भरवसा ठेवायचा तर कुणावर ठेवावा, मोजणाऱ्यावर की मोजल्या जाणाऱ्यावर? सावकाश विचार करा. मी तीस वर्षं कपबशा विकतो आहे, आणि यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत मलाही याचं उत्तर सोपंच वाटत होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं गवत भरलेल्या खोक्यांनी शिकवलं. कप घेताना त्याच्याकडे बघत बसायचं नसतं, कडेवर टिचकी मारून ऐकायचं असतं. धड कप घंटेसारखा बोलतो, तडा गेलेला खोकतो. एकदा कारखान्यातून एकशे चव्वेचाळीस कपांचं खोकं आलं. गवतात हात घालून मोजलं, एकशे चव्वेचाळीस भरले, सही ठोकली. दुकानात उघडून बघतो तर एकशे त्रेचाळीस कप आणि एक साखरेचं भांडं. हमालाला विचारलं तर म्हणतो, "शेठ, आकडा तर जुळला ना?" हा किस्सा सांगून मी चार लोकांत पुष्कळ हशा मिळवला आहे. आता सांगत नाही. तुम्हाला सांगितला तो शेवटचा.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नव्या नवरीला घेऊन पहिल्यांदा शिबिराला याल, आणि मोजणीची वही तुमच्याकडे द्यायचं मोठ्या बाईंनी ठरवलं आहे. म्हणून वहीसोबत हे चार कागद. आधी एकट्याने वाचा.

२

तळ्याकाठचं आपलं शिबिर छत्तीस वर्षांचं आहे. नवरा एका धर्माचा, बायको दुसऱ्या धर्माची, अशी घरं आठ दिवस एकत्र येऊन राहतात. बाहेर ज्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी तिरक्या नजरेने बघतात, ती माणसं इथे आठ दिवस सरळ बसतात, असं शिबिर सुरू करणाऱ्या मोठ्या बाई म्हणतात. लाकडी खोल्यांची एक रांग, मध्ये जेवणघर, आणि पुढे पाण्यात शिरलेला फळ्यांचा रुंद धक्का.

पहिल्या वर्षी संध्याकाळी नावं वाचून हजेरी घेतली. आता नावात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, तुमचं लग्न ताजं आहे. मुलाचं नाव कुणाच्या बाजूचं ठेवलं यावरून दोन आजोबा भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी नावांची यादी फाडून चुलीत घातली. तेव्हापासून शिबिरात कुणाचं नाव घ्यायचं नाही. टोपणनाव, नातं, नाहीतर धंदा; घड्याळं दुरुस्त करता म्हणून तुम्ही घड्याळजी.

हजेरीच्या जागी मोजणी आली. जेवणाआधी सगळ्यांनी धक्क्यावरच्या बाकांवर गोल बसायचं. मोठ्यांच्या जागा पहिल्या संध्याकाळी ठरतात त्याच आठ दिवस. मुलांचा ठेंगणा बाक शेवटी. मोठ्या बाई "एक" म्हणतात, शेजारचा "दोन" म्हणतो, असं फिरत फिरत शेवटच्या मुलापर्यंत. तो आकडा मी वहीत लिहायचा. मग दोन मिनिटं शांतता, ज्याने त्याने आपापलं मनातल्या मनात म्हणायचं, आणि जेवण. जेवतानाही मुलांनी स्वतःच्या आईबापांजवळ बसायचं नाही, दुसऱ्या घराच्या टेबलावर बसायचं. सगळी मुलं सगळ्यांची. फार छान नियम. आल्यागेल्याला हा नियम सांगताना माझी छाती फुगायची.

आमची लेक भिंगरी मात्र एक नियम मोडायची. मोजणीला ती मुलांच्या बाकावर कधी बसली नाही. धावत यायची आणि माझ्या आणि तिच्या आईच्या मध्ये घुसायची. मोठ्या बाई तेवढ्यापुरतं तळ्याकडे बघायच्या.

३

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात भिंगरी गेली. नऊ वर्षांची होती. ताप आला, दवाखान्यात नेली, अकरा दिवस.

तिला निरोप कसा द्यायचा यावरून दोन्ही घरं भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाहीत. माझे वडील म्हणाले, "तुमच्या पद्धतीने करा, आमची काही हरकत नाही." सासरे म्हणाले, "छे, छे, तुमच्या पद्धतीने होऊ द्या." एकमेकांना इतकं सांभाळून घेतलं की शेवटी कुणीच काही म्हटलं नाही. चार माणसं गप्प उभी राहिली आणि गप्प घरी परतली. पोरीला कुणी 'जा' म्हटलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही शिबिराला आलो नाही. यंदा बायकोनेच बॅग काढली.

पहिल्या संध्याकाळी आम्ही आमच्या जुन्या बाकावर बसलो. ती माझ्यापासून दीड हात लांब बसली. मी म्हटलं, "सरक की जरा इकडे." ती म्हणाली, "बसू दे."

मोजणी फिरत आली. मी "एकवीस" म्हटलं. बायको क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तेवीस." तिच्या पलीकडे फोटोग्राफर बसला होता, तो "चोवीस" म्हणून मोकळा झाला. मुलांच्या बाकावरून शेवटचा आकडा अठ्ठेचाळीस आला. आम्ही होतो सत्तेचाळीस. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे बघितलं, आणि सत्तेचाळीस लिहिलं.

जेवण झाल्यावर खोलीच्या पायरीवर बसून मी विषय काढला. "अगं, तुझा एक आकडा गळाला आज."

"कुठे गळाला?"

"एकवीसनंतर बावीस येतं."

"दवाखान्यात पंधरा वर्षं गोळ्या मोजून देते मी. बावीस कुठे येतं ते मला शिकवता?"

"मग म्हटलं का नाहीस?"

"कपांना टिचक्या मारून मारून बहिरे झालात तुम्ही," ती म्हणाली, आणि टॉवेल झटकून आत गेली.

४

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. एकवीस, तेवीस. मात्र यावेळी मधल्या त्या क्षणात मला श्वास ऐकू आला. बोलायच्या तयारीत असलेलं मूल आत ओढतं तसा. मी स्वतःला समजावलं, तळ्यावरचा वारा फळ्यांच्या फटींतून वर येतो. येतोच तो, विचारा कुणालाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी वारा बघून बसलो. वारा नव्हता. पाणी ताटलीसारखं सपाट होतं. मी "एकवीस" म्हटलं आणि बाकाची फळी माझ्या मांडीखाली किंचित दबली. दोन माणसांच्या मध्ये तिसरं टेकलं की दबते तेवढीच. जुनं लाकूड आहे, मी म्हटलं मनात. दिवसभर ऊन खातं, संध्याकाळी कुरकुरतं. बायको समोर बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि चेहऱ्यावर मी दीड वर्षात न पाहिलेलं काहीतरी होतं. ती वाट बघत होती. दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघतात तशी. मग म्हणाली, "तेवीस."

जेवणानंतर मोठ्या बाईंनी मला काठी टेकत बाजूला घेतलं.

"तिला काही म्हणू नकोस. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. तू आपला एक वजा करून लिहीत जा."

"हे आपल्या नियमात बसतं का, बाई?"

"नियम केले कुणी? मीच ना? मग बसवते मी."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. छत्तीस वर्षांत मोजणीच्या बाबतीत त्यांनी कुणाला सूट दिलेली नव्हती. मला रडू आलं. मी ते शिंकेत काढलं.

५

चौथ्या संध्याकाळी मी "एकवीस" म्हटलं, आणि माझ्या डाव्या बाजूने आवाज आला, "बावीस."

भिंगरीला बारमाही सर्दी. 'बावीस'मधला 'वी' ती नाकातून लांबवायची. तसाच आला. मी मान वळवली नाही. वळवली आणि तिथे काही नसलं तर, या भीतीने. बायको "तेवीस" म्हणाली, फोटोग्राफर "चोवीस" म्हणाला, आकडे पुढे गेले. मुलांच्या बाकावरून शेवटचा आकडा आला, सत्तेचाळीस.

मोठ्या बाईंनी हसून मान डोलावली. आज जुळलं. फोटोग्राफरनेही बायकोकडे बघून "शाब्बास, वहिनी" म्हटलं. सगळ्यांना वाटलं, बाई सावरली, आज नीट म्हणाली; शेवट जुळला की मधले आकडे कोण आठवतो. वजाबाकी न करता मी सत्तेचाळीस लिहिलं. बावीस जर म्हटलं गेलं होतं, आणि तरी शेवट सत्तेचाळीसवर झाला होता, तर त्याचा अर्थ काय, हे कळायला हिशेब करणाऱ्या माणसाला कागद लागत नाही.

जेवणघरात थाळ्या मी वाटतो. त्या थाळ्या माझ्याच दुकानच्या, पांढऱ्या, चिनी मातीच्या. सत्तेचाळीस मांडल्या होत्या. वाटून संपल्या तेव्हा माझ्या हातात एक उरली.

कुणाचं पोट बरं नसेल, मी म्हटलं. कुणी दोघांनी एकात घेतलं असेल. मी थाळीवर टिचकी मारली, ती स्वच्छ वाजली. मग मी बायकोकडे बघितलं. सुताराने काहीतरी विनोद केला होता आणि ती हसत होती. दात दिसतील असं हसत होती. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी उठून "एक माणूस कमी आहे" म्हटलं असतं, तर बावीस कुणी म्हटलं तेही सांगावं लागलं असतं. आणि ते एकदा तोंडाबाहेर काढलं की...

मी बसलो. थाळी मांडीवर ठेवून जेवण संपेपर्यंत बसलो. पंचवीस मिनिटं, घड्याळजी. तुमचा धंदाच मिनिटांचा आहे, तुम्हाला कळेल.

फोटोग्राफरची बायको नर्स आहे. ती हात पुसत माझ्याकडे आली. "शेठ, आमची खारूताई तुमच्या टेबलावर जेवली ना?"

"नाही."

"मग सुतारांकडे असेल." ती सुतारांकडे गेली. मग तिसऱ्या टेबलावर, मग चौथ्या. प्रत्येक टेबलावर तिचं हसू थोडं कमी होत गेलं. खारूताई पाच वर्षांची.

"अगं, घाबरतेस काय," मोठ्या बाई म्हणाल्या. "मोजणी बरोबर भरली आहे. सत्तेचाळीस. बसली असेल कुठेतरी लपून." सगळ्यांनी माना डोलावल्या. लोक खुर्च्यांखाली, पडद्यांमागे बघायला लागले, गमतीने हाका मारत. आकडा बरोबर होता ना.

मी उभा राहिलो. "मोजणी बरोबर नव्हती. एक कमी आहे. मला जेवणाआधीपासून माहीत आहे."

नर्सने माझ्याकडे बघितलं, ते तिचं बघणं माझ्याजवळ कायमचं आहे. पण माझी मान खाली गेली ती बायकोच्या नजरेने. मी आत्ता भरल्या घरात तिची मुलगी नाहीच असं म्हटलं होतं.

६

उन्हाळ्याची संध्याकाळ लांब असते, उजेड अजून होता. धक्क्याला बांधलेली छोटी नाव जागेवर नव्हती, दोरी पाण्यात तरंगत होती. शिबिराच्या नावाड्याने दुसरी नाव सोडली, मी त्यात उडी मारली. फोटोग्राफर काठाकाठाने पळत सुटला.

पलीकडच्या लव्हाळ्यात ती नाव अडकली होती. तळाला भेग, आत गुडघाभर पाणी. खारूताई पुढच्या टोकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. ओठ निळे.

"शेठ," नावाडी वल्हं थांबवून हळूच म्हणाला, "पोरगी पुढे बसली आहे. मग मागचं टोक का बुडतंय?"

मी बघितलं. मागच्या फळीवर कुणी नव्हतं. तरी ते टोक पाण्याला टेकलं होतं. आणि नावेच्या कडेवर, बाहेरून धरलेली चार बोटं होती. लहान. नखं मुळापर्यंत कुरतडलेली. भिंगरीला त्यावरून मी किती बोललो आहे. ती बोटं नाव वर धरत होती की खाली ओढत होती, हे मी तेव्हा सांगू शकलो नाही, आजही सांगू शकत नाही. आमची नाव त्या नावेला लागली, मागचं टोक सुटल्यासारखं वर आलं, आणि कड रिकामी होती.

खारूताईला मी शर्टात गुंडाळलं. ती थरथरत होती, रडत मात्र नव्हती.

"हाक का नाही मारलीस, बाळा?"

"मारत होते. ताई म्हणाली, ओरडू नकोस. तुझ्या वाटणीचं मी म्हणून येते."

"कुठली ताई?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच लहान आहे. "तुमच्या बाकावर बसते ती."

नावाडी काठापर्यंत जोरात वल्ही मारत राहिला. उतरताना एवढंच म्हणाला, "आणखी दहा मिनिटं गेली असती तर नाव भरली होती."

७

सकाळी बायको पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"ऐकलंत ना तिला?" तिने विचारलं.

"काल नीट ऐकलं."

"मी पहिल्या दिवसापासून ऐकते आहे."

"ती पोरगी बुडाली असती."

"माहीत आहे मला." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "आपल्या पोरीला वाईट नका म्हणू. तिला कुणी सांगितलंच नाही, जा म्हणून. येते बिचारी आणि जागा आहे तिथे बसते."

"आज सांगावं लागेल."

"तुम्ही सांगा."

"मी एकवीस म्हणणार," मी म्हटलं. "पुढचा आकडा तुझा आहे."

ती माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त माझ्या हातावर हात ठेवला, तोही क्षणभर.

संध्याकाळी सगळे बसले. नर्सने खारूताईला मुलांच्या बाकावर सोडलं, पण स्वतः तिच्या मागे उभी राहिली. बायको नेहमीसारखीच माझ्यापासून दीड हात लांब बसली. मोठ्या बाई "एक" म्हणाल्या. आकडे एकेका तोंडातून माझ्याकडे येत होते. मला वाटलं, कुणीतरी चुकावं, खोकावं, परत पहिल्यापासून सुरू करायला लागावं. कुणी चुकलं नाही.

"एकवीस," मी म्हटलं.

फळी दबली. श्वास आत गेला. तो बाहेर पडायच्या आत बायको मोठ्याने म्हणाली, "बावीस."

क्षणभर गेला. मग फोटोग्राफर म्हणाला, "तेवीस." आकडे पुढे गेले, मुलांच्या बाकावर पोचले, सत्तेचाळीसवर थांबले. सत्तेचाळीस जिवंत माणसं.

मग शांतता. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. माझ्याजवळची फळी हलकी झाली आणि लाकडावर अनवाणी पावलं वाजली. पाण्याकडे गेली असती तर मला सोसलं असतं. ती गोलाच्या आतून फिरायला लागली. प्रत्येकासमोर थांबत होती. सुतारासमोर, त्याच्या म्हाताऱ्या आईसमोर, मोठ्या बाईंसमोर. कुठे जागा मिळते का बघत असल्यासारखी. मुलांच्या बाकाशी सगळ्यात जास्त वेळ थांबली. आणि डोळे मिटलेली खारूताई, झोपेत सरकावं तशी, थोडी बाजूला सरकली. जागा करून दिली.

नर्सने वाकून तिला उचललं आणि छातीशी धरलं. नर्सला काय कळलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

पावलं थांबली. पुन्हा वाजली नाहीत. कुठे गेली मला माहीत नाही.

बायकोचे डोळे तेव्हाही मिटलेलेच होते. उजवा तळवा तिने मधल्या रिकाम्या फळीवर दाबून धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. लोक उठले, जेवायला गेले, थाळ्यांचा आवाज यायला लागला. तरी तिने हात उचलला नाही. मीही तिथेच बसून राहिलो. त्या संध्याकाळी थाळ्या सुताराने वाटल्या.

८

उरलेले तीन दिवस आकडा सत्तेचाळीस भरला. शेवटच्या दिवशी मी वही मोठ्या बाईंसमोर ठेवली. ज्याला हिशेबात एक माणूस जास्त हवा आहे त्याच्या हातात वही नसावी, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग कुणाला द्यायची? मी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही मला एकदाच भेटलात, दुकानात. कप घेताना वाजवून बघितला नाहीत, आत बोट फिरवून बघितलंत. मला आवडलं ते.

दुसरी गोष्टही मी मागून घेतली, आणि छत्तीस वर्षांनंतर मोठ्या बाईंनी ती दिली. मागच्या पानांवर सगळ्यांची नावं आहेत. खरी नावं, आईबापांनी ठेवलेली, कुणाच्या का बाजूची असेनात. ती एकेक करून वाचा. ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची. कुणी ताटावरून उठलं तर उठू द्या, उठलेला माणूस निदान दिसतो.

तिथे एका ओळीत खाडाखोड आहे. ते नाव मी दोनदा लिहिलं आणि दोनदा काढलं. वाचायचा प्रयत्न करू नका.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं येणार आहोत. बायको आत्तापासून दिवस मोजते आहे, आणि खरं सांगायचं तर मीही. आम्ही मध्ये दीड हात जागा सोडून बसलो तर बसू द्या. पण ओ देऊन झाल्यावर तिथे मी थांबलो, किंवा ती थांबली, किंवा तुम्हालाच आमच्या बाकावरून आणखी एक ओ ऐकू आली, तर लिहू नका. मी हातापाया पडलो तरी लिहू नका. आमच्या घरची माणसं दोन. घड्याळजी, एवढा एक हिशेब माझ्यासाठी खरा ठेवा.